नरसाळ्याची तीन चित्रं

शब्दकोशाच्या कचेरीत नियम एकच, पण कडक. कोणतंही चित्र छापायच्या आधी बाइंडिंगच्या मामांना दाखवायचं. मामांना इंग्रजीचं अक्षरही येत नव्हतं, म्हणूनच तर त्यांना हा मान! इंग्रजी शिकणाऱ्यांचा कोश, तेव्हा शब्द झाकून नुसतं चित्र दाखवलं तरी वस्तू ओळखू यायला हवी. तीनदा चुकलं की चित्र बाद.

महिनाभराच्या बोलीवर आलेल्या नव्या चित्रकार मुलीचा आज निकाल होता. चाळणी, शिडी, बिजागरी मामांनी पटापट ओळखली होती. राहिलं होतं एक नरसाळं. ते जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. आणि ही शहाणी "नोकरी लागली" असं घरी सासूबाईंना कधीच सांगून मोकळी झालेली!

पहिलं चित्र तिनं अगदी झोकात काढलं. आडवं ठेवलेलं नरसाळं, छायाप्रकाशासकट. मामांनी खळीचे हात पुसले, चष्मा चढवला.

"भोंगा!"

"एक," संपादकबाई म्हणाल्या.

मग तिनं नरसाळं उभं केलं आणि खाली बाटली काढली. आता कसे चुकतील?

"बाटली," मामा म्हणाले. "पण बिचारीला ही टोपी कसली घातलीस?"

"दोन."

मामांना धरून गदागदा हलवावंसं वाटलं तिला. पण मामांचं काय चुकलं? वस्तू देखणी काढली होती, कामाला कुठे लावली होती? तिनं पुन्हा पेन्सिल उचलली. तिरका डबा, तेलाची धार, खाली नरसाळं, त्याखाली बाटली. घाईघाईत नरसाळ्यातलं तेल पार काठाशी येऊन टेकलं. खोडत बसायला वेळ नव्हता. तिनं डोळे मिटून कागद पुढे केला.

"अगं अगं, हळू ओत!" मामा ओरडलेच. "सगळं सांडवशील! नरसाळं कधी एवढं गच्च भरतात का?"

संपादकबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"हसताय काय? सांडलं की पुसायला मामाच लागतो ना!" मामा वैतागले.

तिला इतका आनंद झाला की काय करावं सुचेना. काहीतरी करायचं म्हणून तिनं जास्तीचं तेल पुसायला खोडरबर उचललं, तर बाईंनी कागदच ओढून घेतला.

"खबरदार हात लावलास तर! हे असंच छापायचं. आणि उद्या बरोबर दहाला हजर राहा. पक्क्या नोकरीत उशीर चालत नाही."