उठ, ही जागा माझी

माझी मुलगी ज्या क्लासला जाते, तिथं ‘उठवणं’ नावाचा एक प्रकार आहे. शनिवारी परीक्षा, सोमवारी निकाल, आणि निकालाप्रमाणे बसायच्या जागा. जिचे गुण वाढले तिनं पुढच्या जागेवर बसलेल्या मुलीसमोर जाऊन उभं राहायचं आणि सगळ्यांदेखत म्हणायचं, “उठ, ही जागा माझी.” सरांचं म्हणणं, यानं मुली कणखर होतात. मोठ्या शाळेच्या प्रवेशपरीक्षेला म्हणे असाच कणखरपणा लागतो. आम्हा आयांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं. जिन्यात भेटलो की आम्ही एकमेकींना विचारायचो, “काय गं, तुझीनं कुणाला उठवलं?”

याच क्लासात दोघी मावसबहिणी होत्या, ठकी आणि चिऊ. ठकीची आई थोरली, औषधांच्या दुकानात काम करणारी. चिऊची आई धाकटी, घरीच कपडे शिवणारी. वर्गातलं मी डोळ्यांनी पाहिलं. घरातलं धाकटीनं स्वतः मला सांगितलं, माझ्या कोटाचं अस्तर उसवता उसवता, मान वर न करता.

ठकी पहिल्या जागेवर, चिऊ दुसऱ्या. पाच आठवडे असंच चाललं होतं. शाळा सुटली की दोघी धाकटीकडे यायच्या आणि कापड बेतायच्या टेबलावर अभ्यासाला बसायच्या. ठकीची एक चुकांची वही होती. जे गणित चुकेल ते त्यात लिहायचं, शेजारी बरोबर रीत लिहायची आणि परीक्षेच्या आदल्या दिवशी तेवढंच वाचायचं. तिची सगळी भिस्त त्या वहीवर.

त्या गुरुवारी थोरली कामावरून ठकीला न्यायला आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, “चिऊला गेल्या वेळी किती गुण कमी पडले गं? तीनच ना? होईल, होईल.”

बस्स. एवढंच बोलली बिचारी. पण ते ‘होईल, होईल’ धाकटीला असं झोंबलं की सुई बोटात गेली. लहानपणापासून हेच चाललं होतं. थोरलीचं अक्षर बघ, थोरलीचा नीटनेटकेपणा बघ. थोरलीचे जुने कपडे घालून ही मोठी झाली आणि थोरलीच्याच पुस्तकांवर शिकली. आता लेकीनंही थोरलीच्या लेकीची पाठ बघत बसायचं? तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मायलेकी गेल्या. टेबलावर वही राहिलेली दिसली. चिऊ आत हातपाय धूत होती. धाकटीनं वही उचलली आणि अस्तराच्या कापडांखाली सारली.

“मला वाटलं, शनिवारनंतर देऊन टाकीन,” ती मला म्हणाली. “खोटं कशाला बोलू? छान वाटलं गं मला. दोन दिवस झोपसुद्धा मस्त लागली.”

शुक्रवारी ठकी रडकुंडीला येऊन दारात उभी राहिली. “मावशी, माझी वही इथं राहिली का गं?”

“नाही गं बाई. आईच्या दुकानात विसरली असशील, नाहीतर वर्गात,” धाकटी म्हणाली. वर तिच्यासोबत टेबलाखाली वाकून शोधायचं नाटकही केलं. चिऊनं तर सगळं घर पालथं घातलं, फक्त आईच्या कापडांना हात लावला नाही. त्यांना हात लावायची तिला बंदी होती.

ती बंदी रविवारी मोडली. फ्रॉक फाटला म्हणून चिऊ त्या कापडांत ठिगळासाठी चिंधी शोधायला गेली आणि हाताला वही लागली. आईला ती एक अक्षर बोलली नाही. पोट दुखतंय म्हणून जेवलीही नाही.

सोमवारी पालकांना बोलावलं होतं. आम्ही सगळ्या मागच्या भिंतीला टेकून उभ्या होतो. सरांनी निकाल वाचला. चिऊ पहिली, ठकी चौथी. धाकटीचा चेहरा असा फुलला की मला तिचा हेवाच वाटला. माझी नववी होती.

“जा, उठव तिला,” सर म्हणाले.

चिऊ ठकीसमोर जाऊन उभी राहिली. दप्तरातून वही काढून तिनं बाकावर ठेवली. “ही तुझी. आमच्या घरात होती.”

“आधी वाक्य म्हण,” सर म्हणाले.

“नाही म्हणणार.”

थोरली पुढं आली. “चिऊ, तू लपवलीस वही?”

चिऊनं मान खाली घातली. ना हो म्हणाली, ना नाही. सर म्हणाले, “चोरी करून पहिली आलीस? शेवटच्या बाकावर जा.” कुणीतरी “अगं बाई!” केलं. पोरीचे कान लालबुंद झाले, पण तिनं आईकडे एकदाही पाहिलं नाही. तेरा वर्षांची पोर आईला पाठीशी घालत होती, आणि आई भिंतीला चिकटून उभी होती. चिऊ मुकाट्यानं दप्तर उचलून मागं निघाली, तेव्हा कुठं धाकटीच्या तोंडून आवाज फुटला.

“तिनं नाही. मी लपवली.”

थोरली गर्रकन वळली. “का गं?”

“मला बघवत नव्हतं.”

“माझ्या पोरीचं?”

“तुझं,” धाकटी म्हणाली. “पोर तर माझी लाडकी आहे.”

थोरलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. सरांनी घसा खाकरला. “ठीक आहे. म्हणजे क्रम पुन्हा लावावा लागेल. ठकीची परीक्षा उद्या परत घेऊ.”

“घेऊ नका,” धाकटी म्हणाली. “आणि माझ्या मुलीचं नाव काढून टाका. इथं राहिलो तर मी पुन्हा असंच काहीतरी करीन. मी मला ओळखते.”

तोवर ठकीनं दप्तर भरलं होतं. ती चिऊला म्हणाली, “चल.” दोघी बाहेर पडल्या. थोरली बहिणीकडे न बघता त्यांच्या मागोमाग गेली. बहिणी अजून धड बोलत नाहीत. पोरी मात्र रोज त्याच टेबलावर बसतात. एकीला अडलं की दुसरी समजावून सांगते.

आणि आम्ही? आम्ही काय केलं ते सांगते. पुढच्या दोन जागा रिकाम्या झाल्या होत्या. आम्हा आयांच्या नजरा दारावरून वळल्या त्या थेट त्या जागांवर. सर काही म्हणायच्या आत मी माझ्या मुलीला खुणावलं, जा, बस पटकन. ती पुढं जाऊन बसली. तिला कुणाला उठवावंही लागलं नाही, याचा मला आनंद झाला.

घरी येताना ती म्हणाली, “आई, जागा अजून गरम होती.”

हे लिहीपर्यंत तिचं नाव मी त्या क्लासातून काढलेलं नाही.