डावीकडे चालणारा सामुराई

इसोगाईसान एक ठिपका रंगवायला जितका वेळ घेत, तेवढ्यात मी जेवून येत असे. आमच्या क्योतोच्या कंपनीत व्हिडिओ गेमची चित्रं तेच काढायचे. त्याआधी त्यांनी उभं तारुण्य किमोनोच्या रेशमावर बगळे आणि लाटा रंगवण्यात घालवलं होतं. रेशमाचा धंदा बसला, तेव्हा आमच्याकडे आले. आता अख्ख्या बगळ्याला जागा होती जेमतेम सोळा बाय सोळा ठिपक्यांची. ते चौकटीच्या कागदावर पेन्सिलीनं ठिपके भरत, कागद भिंतीला लावत, दारापर्यंत मागे जात आणि डोळे बारीक करून बघत. मग एक ठिपका खोडत आणि घरातलं कुणी गेल्यासारखा उसासा टाकत.

नव्या गेमचा नायक सामुराई होता. त्याची चाल ठरवायला इसोगाईसान घरून किमोनो घालून आले आणि आठवडाभर पॅसेजमध्ये येरझारा घालत राहिले. हिशेबाकडच्या मुली खिदळायच्या. ह्यांना वाटे, कौतुकच चाललंय.

अखेर सामुराई टीव्हीवर चालू लागला. उजवीकडे झकास गेला. मी बटण दाबून त्याला डावीकडे वळवला आणि इसोगाईसान माझ्यावर किंचाळले.

"नुकागा! मारलास की रे त्याला!"

"कुठं? चालतोय की चांगला!"

"गळा बघ, गळा!"

गळा म्हणजे तीन पांढरे ठिपके. गेमच्या चिपमध्ये जागा कमी, म्हणून डावीकडचं चित्र वेगळं न ठेवता मी उजवीकडचंच आरशासारखं उलटवलं होतं. सगळेच तसं करत. पण त्यामुळे किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर आली होती, आणि तसा किमोनो आम्ही फक्त प्रेताला नेसवतो.

"तीन ठिपके आहेत, इसोगाईसान. पोरं राक्षस मारतील की गळा बघत बसतील?"

"म्हणजे माझा माणूस घरातून जिवंत निघणार आणि परतताना मढं होऊन येणार?"

मी चिप धुंडाळली. जागा एकाच ठिकाणी निघत होती, शेवटच्या पाटीत. त्या पाटीवर गेम बनवणाऱ्यांची नावं यायची होती. त्या काळी कंपन्या चित्रकाराचं नाव बाहेर कळू देत नसत. इसोगाईसाननी साहेबांच्या हातापाया पडून ती पाटी मिळवली होती. त्यांची आई जन्मभर किमोनो शिवणारी. पोरगा ठिपक्यांची नोकरी करतो, याचं तिला फार वाईट वाटायचं. आता त्याचं नाव टीव्हीवर येणार म्हणून ती गल्लीभर सांगत सुटली होती.

"नाव की गळा, ते तुम्हीच ठरवा," मी म्हटलं. पाटीवर माझंही नाव होतं, पण मला कोण विचारतो!

ते दुपारभर खिडकीशी बसून राहिले. मग चौकटीचा कागद ओढला आणि डावीकडचा सामुराई काढायला लागले. मला त्यांचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

गेम बाजारात आला, त्या रविवारी त्यांच्या आईनं शेजारणींना चहाला बोलावलं. खेळायला मी होतोच. शेवटचा राक्षस पडला आणि पडदा काळा झाला.

"नाव कुठाय?" आईनं विचारलं.

इसोगाईसान खाली चटईकडे बघत राहिले. मला राहवेना, मी सगळं सांगून टाकलं. आईनं ऐकून घेतलं आणि पोराच्या पाठीत धपाटा घातला.

"गाढवा, मग बनियन घालायचं ना त्याला! बनियनला कुठली आलीय डावी-उजवी!"

"सामुराई? बनियनवर?"

"नावासाठी एवढंही करवेना तुला?"

"नाही करवलं, आई."

ती टीव्हीजवळ सरकली. मग मला म्हणाली, "पोरा, परत लाव. डावीकडे चालव त्याला." टीव्हीला नाक लावून तिनं बघितलं आणि ती शेजारणींकडे वळली.

"बघा गं. डावीकडे जातोय आणि जिवंत आहे. माझ्या हिसाओनं ठेवलाय."

शेजारणींनी माना पुढे काढल्या. ते तीन ठिपके कुणाला दिसले असतील, देव जाणे. इसोगाईसान मात्र सगळ्यांदेखत हमसून रडत होते.

"रडतोस काय," आई म्हणाली, "चहा ओत सगळ्यांना."