साळूआत्याचा पहिला नंबर

राजूरजवळच्या त्या गावात महिला ग्रामसभेची हजेरी शंभर टक्के होती. चार वर्षांत एकही बाई गैरहजर नाही. परदेशातल्या कुठल्याशा विद्यापीठात 'सत्ता आणि नागरिकांचा सहभाग' यावर संशोधन करणाऱ्या मंडळींना हा आकडा दिसला आणि ती चाटच पडली. साहजिक होतं. या गावात बाया ग्रामसभेला जात नाहीत, ग्रामसभाच बायांकडं येते, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. शिपाई बबलू रजिस्टर काखेत मारून दारोदार फिरायचा आणि बाया पिठाच्या हातानं सही ठोकायच्या. ठराव कशाचा, हे बबलूलाही ठाऊक नसायचं.

प्रियदर्शनीनं मात्र सहीशेजारी तीनदा लिहिलं होतं, 'अंगणवाडीजवळच्या विहिरीला जाळी बसवावी.' तिसऱ्या वेळी बबलू कळवळून म्हणाला, "वहिनी, रकान्याबाहेर लिहू नका ना. पान खराब होऊन राह्यलं."

ती पडकी विहीर अंगणवाडीपासून वीस पावलांवर होती. कठडा कधीच ढासळलेला. गेल्या महिन्यात सेविकेला प्रियदर्शनीची साडेतीन वर्षांची आकांक्षा तिथं काठावर गुडघे टेकून बेडूक मोजताना सापडली. तेव्हापासून प्रियदर्शनी रोज अकरा ते एक समोरच्या लिंबाखाली भाजी निवडत बसायची. "अंगणवाडीत नाव लेकीचं घातलंय का मायचं?" बाया हसायच्या. हसू देत. रात्री डोळा लागला की तिला विहिरीचं पाणीच दिसायचं.

संशोधक एलेना मॅडम आल्या आणि त्यांच्या पुण्याच्या दुभाष्याला नेमका ताप भरला. सरपंच बेबीनंदा, पण सरपंचकी बघायचे तिचे मालक, बद्रीनाथ. ते धावत प्रियदर्शनीच्या दारात आले.

"वहिनी, तुम्ही इंग्रजीत एम.ए. आहात. गावाची इज्जत तुमच्या हातात."

"आणि विहिरीची जाळी कुणाच्या हातात, भाऊजी?"

"बिलकुल होणार! पाहुणे जाऊ द्या, मंग बघू."

हे 'मंग' तिला तीन वर्षांपासून पाठ होतं. तरी ती गेली. मारुतीच्या पारापुढं मॅडमनी चुन्याच्या फक्कीनं लांब रेघ ओढून घेतली. पुरुषांना लांब, चहाच्या टपरीवर पिटाळलं. मग म्हणाल्या, गावात जिचा शब्द सगळ्यात जास्त चालतो तिनं या टोकाला उभं राहायचं, जिचा सगळ्यात कमी तिनं त्या टोकाला. आपापलं तुम्हीच ठरवा.

प्रियदर्शनीनं शब्दाला शब्द सांगितलं. बायांनी ऐकून घेतलं आणि लग्नाच्या पंगतीत बसतात तशा, मानाप्रमाणं उभ्या राहिल्या. सासूपुढं सून कशी उभी राहणार? थोरल्या जावेपुढं धाकटी? एकीनं पाऊल पुढं टाकलं तर मागून लगेच आलं, "पुढं पुढं करून राह्यली, चुलत सासू दिसंना का?" दहा मिनिटांत रांग वयाप्रमाणं अशी बराबर लागली की रेशन दुकानदारानं हेवा करावा. सरपंच बेबीनंदा डोक्यावरचा पदर सावरत एकविसावी आली. आणि पहिल्या नंबरावर आली साळूआत्या. वय नक्की कुणाला माहीत नाही, एक कान बंद, आणि तिचं ऐकतं कोण, तर तिची शेळी. तीही मनात असलं तर.

मॅडमचे डोळे पाणावले. "सरपंच एकविसाव्या आणि ही आजी पहिली! सत्ता इतकी वाटलेली मी कुठंच पाहिली नाही." त्यांनी भराभरा लिहिलं. प्रियदर्शनीला सांगावंसं वाटलं की बाई, ही सत्तेची रांग नाही, ही पाया पडण्याची रांग आहे. पण तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "या आजींना विचारा. आज गावासाठी एक निर्णय घ्यायचा, तर कुठला घेतील? परवा मी गटविकास अधिकाऱ्यांना घेऊन येते. तो निर्णय कसा अमलात येतो, हाच माझ्या अभ्यासाचा गाभा."

प्रियदर्शनीनं साळूआत्याच्या चांगल्या कानात विचारलं.

"माझ्या दारापुढून गटार वाहतं," साळूआत्या खणखणीत म्हणाली. "ते बंद करा म्हणावं. पोरं नाक धरून जात्यात."

सगळ्या बायांनी माना डोलावल्या. मॅडमनी पेन सरसावलं. पारापुढून प्रियदर्शनीला अंगणवाडीचं दार दिसत होतं, आणि आज लिंबाखाली लक्ष ठेवायला कुणी नव्हतं.

"त्या म्हणतात," ती इंग्रजीत म्हणाली, "अंगणवाडीजवळच्या विहिरीला लोखंडी जाळी बसवा. ताबडतोब."

मॅडमनी 'ताबडतोब' खाली दोन रेघा मारल्या.

तीन वर्षं न हललेलं काम दीड दिवसात झालं. अधिकाऱ्यांचा फोन आला तसे बद्रीनाथ स्वतः मोटारसायकलवर राजूरला गेले, वेल्डरला मागं बसवूनच आले. गावात कुणाला नवल वाटलं नाही. "गटार मागितलं आन जाळी आली," बाया म्हणाल्या. "सरकारचं असंच असतंय. येतंय तेवढं घ्यावं."

तिसऱ्या दिवशी मॅडम आल्या, अधिकारी आले, जाळीला हार घातला गेला. साळूआत्याला खुर्ची दिली. मॅडमनी विचारलं, "तुमचा निर्णय अमलात आला. कसं वाटतंय?"

साळूआत्या जाळीकडं बघत राहिली. मग प्रियदर्शनीकडं. "मी गटाराचं बोलल्ते ना गं? सांगितलंस का तू?"

सिमेंट सुकलं होतं, जाळी आता कुणी उपटणार नव्हतं. प्रियदर्शनीनं या वेळी खरं सांगितलं. "आजींची मागणी गटाराची होती. परवाही तीच होती. जाळीचं माझं होतं."

मॅडमनी वही बंद केली. पहिला टप्पा आजच संपला, असं त्या अगदी मायेनं म्हणाल्या. आकडे पाठवून झाले होते. गटाराचं दुसऱ्या टप्प्यात घेता येईल, तीन वर्षांनी, निधी मिळाला तर. गाड्या धूळ उडवत गेल्या. बद्रीनाथ फोटो बघत टपरीकडं वळले.

"काय म्हणली गं ती?" साळूआत्यानं विचारलं.

"तीन वर्षांनी बघू म्हणल्या, आत्याबाई." प्रियदर्शनी खुर्चीजवळ खाली बसली. "चुकलं माझं. पुढच्या ग्रामसभेला आपण खरोखरच जाऊ, पंचायतीत. तुमच्या गटाराचं मी बोलते."

"बोल की." साळूआत्यानं चांगला कान तिच्याकडं वळवला. "पण मी म्हणन तेच बोलशील का?"

प्रियदर्शनीनं विहिरीकडं पाहिलं. आकांक्षा जाळीवर चढून धाडधाड नाचत होती, आणि जाळी जागची हलत नव्हती.

"तेच बोलीन," ती म्हणाली, आणि आधी उठून पोरीला खाली उतरवून आली.