फळ्यावरचा कागद

प्रज्ञाने फळ्यावरच्या कागदाच्या चारही टाचण्या नखाने उपसून काढल्या. चार हंगामांच्या उन्हाने तो पापडासारखा कडक झाला होता. दुमडायला गेली तर घडीवरच तुटला. शेतकी साहेबांनी सकाळी आल्या आल्या सांगितलं होतं, आता नवा प्रोग्राम आला, जुना नियम भिंतीवर नको, लोक उगाच हुज्जत घालतात.

लोक हुज्जत घालत होते हे खरं होतं. त्यांनी ती घालावी म्हणूनच तर तिने तो कागद खिडकीशेजारी लावला होता.

साखर कारखान्यात कुणाच्या उसाला आधी कोयता लागायचा, हे पूर्वी साहेबाच्या मर्जीवर आणि चहापाण्यावर चालायचं. प्रज्ञाने कॉम्प्युटरवर पाळीचा प्रोग्राम लिहिला: ज्याचा ऊस वयाने मोठा त्याची पाळी आधी, मग तो चेअरमनचा असो की वाटेकऱ्याचा. तेवढ्यावर ती थांबली नाही. प्रोग्राम पाळी कशी ठरवतो ते साध्या मराठीत लिहून तिने भिंतीवर लावलं, आणि खुद्द प्रोग्रामच्या ओळी फ्लॉपीवर घालून मागेल त्याला देऊन टाकल्या. ऑफिसातल्यांनी तिला वेड्यात काढलं. तिच्या आजोबांनी उभी हयात सरकारी टपाल डोक्यावरून गावोगाव पोचवलं होतं आणि आत काय लिहिलंय ते त्यांना कधी कळलं नव्हतं. कागद लावला तो म्हणूनच, पण हे ऑफिसातल्यांना सांगून उपयोग नव्हता.

फ्लॉप्या एसटीच्या पार्सलने सहा कारखान्यांत गेल्या. तिथल्या ऑपरेटरांनी चुका काढल्या, दुरुस्त केल्या, पोस्टकार्डावर कळवल्या. एकट्या प्रज्ञाला जे दहा वर्षांत जमलं नसतं, ते दोन हंगामांत झालं. सगळ्यात जास्त कार्डं संगमनेरकडच्या अमृतची. तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण उजवीकडे कललेलं त्याचं अक्षर आणि आडवी रेघ मारलेला सात ती लांबून ओळखायची. कार्डाच्या शेवटी ठरलेलं वाक्य असे: ‘चूक सापडली की कळवणे, संकोच करू नये.’

सगळ्यात मोठी चूक मात्र काढली होती बनुबाईने. अक्षरओळख नसलेली, दीड एकरवाली बाई. खिडकीशी उभी राहून तिने प्रज्ञाकडून अख्खा कागद वाचून घेतला आणि मधेच म्हणाली, “थांब. खोडव्याचं वय तुमी नोंदीपासनं धरता व्हय? तुमचा मानूस नोंदीला दोन म्हयन्यानी आला. तंवर माझा ऊस काय वाढायचा थांबला हुता?”

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा फुटलेला ऊस, त्याचं वय मागचा ऊस तुटला त्या दिवसापासून धरायला हवं होतं. प्रज्ञाने त्याच दिवशी ती ओळ बदलली आणि सहा ठिकाणी कार्डं टाकली. अमृतचं उलटटपाली उत्तर आलं, आमच्याकडे दीडशे जणांच्या पाळ्या सुधारल्या, त्या बाईंना नमस्कार सांगणे.

आज बनुबाई पुन्हा खिडकीशी उभी होती. विहीर मार्चपर्यंतच टिकेल, त्याआधी ऊस गेला नाही तर चिपाड व्हायचं, एवढंच तिने सांगितलं आणि पदराने मान पुसत वाट पाहत राहिली.

आत पुण्याच्या कंपनीचा माणूस नवा प्रोग्राम बसवत होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, चेनची बॅग. आल्यापासून त्याने प्रज्ञाकडे नजर वर करून पाहिलं नव्हतं. त्याने बटण दाबलं आणि पडद्यावर ओळ उमटली: ‘जरा दम धरा, ऊस मोजतोय.’

प्रज्ञाने ती दोनदा वाचली. ही ओळ अमृतने गमतीने सुचवली होती, आणि तिनेच ती प्रोग्राममध्ये घातली होती.

प्रिंटर करकरत यादी ओकू लागला. पहिल्या चाळीस नावांवरून तिने बोट फिरवलं. संचालक, संचालकांचे मेव्हणे, पॅनेलचे कार्यकर्ते. कुणाचाच ऊस वर्षाच्या वरचा नव्हता. बनुबाईचा नंबर नव्वदीच्या आत यायला हवा होता. तो चारशे बारा होता.

“हे वर कसे आले?” तिने विचारलं.

“संचालक मंडळाने एक जादा कप्पा मागितला होता, त्यात नाव टाकलं की पाळी आधी. कंपनीने घालून दिला.”

“ओळी दाखवा बघू.”

“ओळी देत नाहीत, मॅडम. प्रोग्राम बंद करूनच येतो. आतलं कुणाला दिसत नाही.” त्याने पावती पुढे सरकवली. “इथे सही करा.”

पावतीवर त्याने तारीख घातली होती. सात नोव्हेंबर सत्त्याण्णव. अक्षर उजवीकडे कललेलं, आणि दोन्ही सातांना आडवी रेघ.

प्रज्ञाला हसू आलं. सहा कारखान्यांनी पोस्टकार्डं झिजवून केलेलं काम हा पठ्ठ्या कुलूप घालून तिच्याच दारात विकायला आला होता.

“अमृत,” ती म्हणाली.

तो हलक्या आवाजात म्हणाला, “ताई, कारखान्यात कायम करीनात. कंपनीने विचारलं, तुझ्याकडे दाखवायला काय आहे. माझ्याकडे एवढंच होतं.”

“तुझ्याकडे?”



“नंबर काय आला गं, पोरी?” बाहेरून बनुबाईने विचारलं.

“चारशे बारा, मावशी.”

गजांतून हात आत घालून बनुबाईने प्रज्ञाच्या मनगटावर थोपटलं. “नवं मशीन हाय, चुकलं आसंल. तू नगं जीव घाबरा करू. तो कागुद काढ आन् वाचून दाखव. कुठं चुकलंय ते म्या सांगते.”

प्रज्ञाने कागदाचे दोन्ही तुकडे टेबलावर जुळवले आणि मोठ्याने वाचायला लागली. लागणीचं वय कसं धरायचं. खोडव्याचं कसं. दोघांचं वय सारखं भरलं तर कुणाची पाळी आधी. बनुबाई डोळे मिटून ऐकत होती आणि दर ओळीला मान हलवत होती.

“हे बरूबर. हेबी बरूबर.” शेवटची ओळ संपली तसे तिने डोळे उघडले. “ह्यात तर कायबी चूक न्हाई गं. मग माझी पाळी गेली कुठं?”

प्रज्ञाने अमृतकडे पाहिलं. तो बॅग बंद करत होता, आणि चेन मधेच अडकून बसली होती.