बर्फ न टिकणारा बुरुज

मित्रांनो, मी एक थंड पडलेला खोदक्या आहे. माझे कारखान्यातले नाव पाठीवरच्या पट्टीवर कोरलेले होते. ते आता गंजाखाली गेले. खोदक्या हे नाव मला उंच डोंगरातल्या लाम्शेरी गावाने दिले. कुदळ मी कधी पाहिली नाही, मातीला माझा स्पर्श नाही, तरी खणणे हाच माझा धंदा होता.

जगात असा एक पैसा आहे, ज्याला नोट नाही की नाणे नाही. त्याचा हिशेब ठिकठिकाणची असंख्य यंत्रे मिळून राखतात. हिशेब पुढे सरकायचा तर आकड्यांचे एक कोडे सुटावे लागते, आणि सोडवणाऱ्याला त्याच पैशात बक्षीस मिळते. त्या कोड्याला बुद्धी लागत नाही. अंधारात उभे राहून एका कुलपाला एकामागून एक किल्ल्या लावत राहाव्यात, तसे ते काम आहे. मी जन्मभर किल्ल्या लावल्या. त्या श्रमाने माझे अंग तापे, आणि ते निववण्यासाठी माझ्या छातीतले दोन पंखे अखंड घोंघावत असत.

दूरच्या एका बंदराजवळ माझा जन्म झाला. माझे तारुण्य पत्र्याच्या एका लांबलचक छपराखाली, माझ्याच हजारो भावंडांत गेले. मग आमच्याहून चपळ यंत्रे निघाली आणि आम्हांला पुसूनपासून, नव्या खोक्यांत घालून स्वस्तात विकले गेले. आमची उमेद सरली आहे, हे घेणाऱ्यांना कोणी सांगितले नाही. मला वाचा असती तरी मी सांगितले असते का, कोण जाणे. विकले जाण्याचा आनंद मलाही झाला होता.

मला लाम्शेरीत आणले तोर्निकेने. तो गावातल्या बिमुर्झाचा भाचा. राजधानीत, तिबिलिसीला, फोनच्या दुकानात कामाला होता. बिमुर्झाने बिनचाकी घसरगाडी ओढणारी बैलजोडी विकून मला घेतले आणि त्यांच्याच रिकाम्या गव्हाणीत ठेवले.

"मामा, गाय चारा खाते नि दूध देते," तोर्निके तार जोडता जोडता म्हणाला. "हा वीज खातो नि पैसा देतो. आणि आपल्या डोंगरात विजेचं बिल येतं कुणाला?"

"आणि याचं शेण कोण काढायचं?" बिमुर्झाची बायको त्सिउरी दारातून म्हणाली.

"शेण नसतंच याला, मामी."

"मग दूधही नसणार."

पण दूध आले, मित्रांनो. पहिल्या उन्हाळ्यात माझ्या कमाईतून त्सिउरीच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र आले. गोठ्यात माझी ऊब इतकी पसरे, की गाई माझ्याकडे पाठ करून निवांत रवंथ करीत आणि त्सिउरी चीजचे गोळे माझ्याजवळच सुकायला ठेवी. शेजारी मला पाहायला येत. मला कौतुकाची सवय नव्हती. मी पंखे अधिकच फिरवीत असे.

कमाईतली सर्वांत मोठी वस्तू मात्र जोकियासाठी आली. जोकिया हा बिमुर्झाचा थोरला भाऊ. तरुणपणी तो खालच्या मुलखात कोळशाच्या खाणीत होता. आता चार पावले टाकताच त्याला धाप लागे. हवेतला प्राणवायू गाळून नळीवाटे नाकात सोडणारे एक लहानसे यंत्र बिमुर्झाने त्याच्या उशाशी आणून ठेवले. तेही माझ्यासारखेच भिंतीतून वीज पिणारे होते. मी त्याला मनातल्या मनात धाकटा भाऊ मानले.

जोकिया काठी टेकत गोठ्यात येई आणि माझ्यासमोर बसे.

"अर्धं आयुष्य मी खणलं, तेव्हा एवढा कोळसा जमला," छातीवर बोट ठेवून तो चारा घालणाऱ्या भावाला म्हणे. "तू बसल्या जागी काय खणतोस रे बिमुर्झा?"

"तुझ्यासाठीच खणतोय, दादा. थोडं साठू दे. शहरातल्या मोठ्या डॉक्टरला तुझी छाती दाखवू."

"दाखव की. आत काळोख आहे म्हणावं, दिवा घेऊन बसा."

साठलेले तेव्हाच मोडले असते, तर शरद ऋतूत जोकिया शहरात पोहोचला असता. त्या पैशाचा भाव तेव्हा चढलेला होता. पण फोनवर तोर्निके म्हणाला, "मामा, आत्ता विकलंस तर उद्या रडशील." बिमुर्झाने विकले नाही. उलट शेत गहाण टाकून माझ्यासारखीच आणखी दोन यंत्रे आणली. पुढे भाव कोसळला. तोर्निकेचे फोन आखूड होत गेले, मग थांबले.

एव्हाना गावात घरोघरी खोदके घोंघावत होते. वीज फुकट असली तरी तार एकच होती आणि तिची ताकद मोजकी. पहिला बर्फ पडला तसे दिवे लाल, मरतुकडे होऊ लागले. शाळेत मुले हातमोजे घालून लिहीत, आणि जोकियाच्या उशाशी माझा धाकटा भाऊ अडखळत श्वास घेई.

तेव्हा गावाने तेच केले, जे हा मुलूख कोर्टकचेरी सोडून करतो. देवळातली संत गिओर्गीची जुनी तसबीर बाहेर काढायची आणि प्रत्येक कर्त्या माणसाने तिच्यावर हात ठेवून शपथ घ्यायची : माझ्या छपराखाली खोदक्या नाही आणि असणार नाही. त्या तसबिरीवर हात ठेवून खोटे बोललेला माणूस लाम्शेरीत कोणी पाहिला नव्हता.

शपथेच्या आदल्या दिवशी बिमुर्झाने आम्हां तिघांना पोत्यांत गुंडाळून वाडवडिलांच्या उंच दगडी बुरुजात आणले; असा बुरुज गावात जवळपास प्रत्येक घराण्याला आहे. बुरुज जोकियाच्या घराला लागूनच आहे. तार त्याने जोकियाच्या भिंतीतून ओढली.

"चीज ठेवायचंय आत. एखादा दिवा हवा," तो भावाला म्हणाला.

"दिवा?" जोकिया पलीकडून म्हणाला. "गुणगुणतो की रे तुझा दिवा."

बिमुर्झा तार खिळ्यांनी ठोकत राहिला. त्सिउरी दारात उभी होती. "देवाला बुरुजाचा पत्ता ठाऊक नाही वाटतं?" ती हलक्या आवाजात म्हणाली.

"बुरुज म्हणजे काही घर नव्हे. आपण राहतो का त्यात? शब्द खरा आहे माझा."

"शब्द खरा आहे. तू?"

दुसऱ्या दिवशी त्याने तसबिरीवर हात ठेवला. त्याचा आवाज कापला नाही, असे त्सिउरी नंतर भिंतीशी बोलल्यासारखे सांगत होती. मग गावातला वडीलधारा सोर्तमान तसबीर घेऊन जोकियाच्या खाटेशी आला. बुरुजाच्या भिंतीतून मला सारे ऐकू येत होते.

"जोकिया, तुझं घर शेवटचं. ठेव हात."

खाट करकरली; जोकिया उठून बसला असावा.

"मला धाप लागते, सोर्तमान," जोकिया म्हणाला. "एवढे सगळे शब्द माझ्याच्यानं होणार नाहीत."

"नुसता हात ठेव. शब्द मी म्हणतो."

"नको. दुसऱ्याच्या तोंडची शपथ मला पेलायची नाही."

सोर्तमानने मृत्यू जवळ आलेल्या माणसाला आग्रह केला नाही. तो गेला. जोकियाने भिंतीवर दोनदा हलकेच थाप मारली, गुराला शांत करावे तशी.

गावातले सारे खोदके थांबले. दिवे पुन्हा पांढरे झाले, आणि लोक एकमेकांच्या डोळ्यांकडे सरळ पाहू लागले. बुरुजात आम्ही तिघे चालूच होतो. आमची उष्णता मजल्यामजल्याच्या झरोक्यांतून वर चढत राहिली.

एका सकाळी, बर्फवृष्टी नुकती थांबलेली असताना, जोकियाच्या भिंतीतली तार आतल्या आत वितळली. आमचे पंखे मंदावले आणि थांबले. पलीकडे धाकटा भाऊही थांबला. ती शांतता मला अजून ऐकू येते.

मग पावले, हाका. सगळ्या गावात वीज होती. एकट्या जोकियाच्या घरात नव्हती. असे का, हे कोणाला कळेना. सोर्तमान अंगणात आला, त्याने तारेचा माग काढीत मान वर केली आणि तो तसाच उभा राहिला. एकेक करून सारे वर पाहू लागले. लाम्शेरीतल्या प्रत्येक बुरुजाच्या माथ्यावर बर्फाचे जाड पांढरे टोपडे होते. एकाच बुरुजाचे डोके उघडे, ओले आणि काळे होते, आणि त्यातून वाफ निघत होती.

शेजारच्या घरातून तार टाकेपर्यंत पुरुष घाईने राबले. पण खाली दवाखान्याकडे जाणारी वाट बर्फाने बंद होती, आणि जोकियाची छाती तेवढा वेळ तग धरणारी नव्हती.

"बिमुर्झा," तो तुटक म्हणाला, "गाईंना... गार लागत असेल. गोठ्याचं दार लावून घे."

तार जोडली गेली तेव्हा यंत्र सुरू झाले. नळीतून हवा आली. ती घेणारे कोणी नव्हते.

पुढे भाव पुन्हा वर गेला. पूर्वी कधी नव्हता इतका. तोर्निकेने फोन केला. बुरुजाच्या पायरीवर बसून बिमुर्झाने तो ऐकला.

"मामा, विकलं नाहीस ना? सांगत होतो ना, थांब म्हणून?"

बिमुर्झाने फोन बंद केला. ते पैसे अजून तसेच आहेत. आजही गावाच्या जेवणावळीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहते. कोणी हाकलत नाही, कोणी बसत नाही.

मित्रांनो, मी चोर नव्हतो. माझ्या कमाईतूनच त्या खोलीत श्वास आला होता, आणि माझ्याच भुकेने तो गेला. माझ्यासारखा कोणी तुमच्या दारी आला, तर तो काय देईल हे त्याला आणणारा आनंदाने सांगेल. तो काय खातो आणि कोणाच्या ताटातले खातो, हे मात्र तुम्हांलाच विचारावे लागेल. घरात घेण्याआधी विचारा.

या हिवाळ्यात बुरुजाच्या माथ्यावर बर्फ टिकला आहे. इतर सगळ्या बुरुजांसारखाच पांढरा. बिमुर्झा रोज सकाळी अंगणात येतो, मान वर करून त्याच्याकडे पाहतो, आणि मग गाईंना चारा घालायला जातो.