भावोजी नापास होत राहिले

माझ्या थोरल्या बहिणीच्या हाताखाली आयुष्यात दोनच विद्यार्थी शिकले. पहिला मी. मला तिने बुटाची नाडी बांधायला शिकवलं. दुसरे भावोजी, म्हणजे तिचे यजमान. त्यांना ती स्वस्तात चांगलं जेवायला शिकवत होती, आणि तेही पलंगावर पडल्या पडल्या, कारण उठून बसायचं बळ तिच्यात उरलं नव्हतं.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर नेऊन काय ते सांगितलं होतं. आम्ही चेहरे नीट करून आत आलो, तर ताईने ते चेहरे वाचून पुढच्या कामाला सुरुवातही केली होती.

"अहो, उद्यापासून स्वयंपाक तुम्ही करायचा. तुम्हाला नीट जमेपर्यंत मी कुठे जात नाही."

भावोजी वजनकाटे दुरुस्त करायचे. बाजारातल्या निम्म्या दुकानदारांचं पाप त्यांच्या टेबलावर उघडं पडलेलं असे. मिळकत बेताची, पण तेवढ्यात ताईने कोंड्याचा मांडा करून संसार रेटला होता. तिच्याकडे जेवलेल्या माणसाला हे लोक श्रीमंत असावेत असं वाटे, आणि तो पुढच्या आठवड्यात वर्गणी मागायला येई.

शिकवणीला मी खुर्चीवर बसून असायचो. मी पेन्शनीत निघालो होतो, त्यामुळे फुकट शिक्षण घ्यायला वेळ होता.

"बाजार उठता उठता जायचं. भाजीवाल्याला घरी जायची घाई असते, तेव्हाच तो खरा भाव बोलतो," ताई सांगायची.

"बरं."

"कोबीची वरची पानं टाकायची नाहीत. फ्लॉवरचा दांडा टाकायचा नाही, बारीक चिरून डाळीत घालायचा. बटाटा सालासकट."

"मग टाकायचं काय?"

"आळस."

एवढं सोपं करून सांगूनही भावोजींना काही जमेना. भात करपायचा. डाळीत मीठ एकदा आठवणीने पडायचं आणि एकदा विसरून. कोबी असा शिजायचा की तो ताटात वाढण्यापेक्षा भिंतीला लावणं सोपं. ताई चमच्याच्या टोकावरचा घास घ्यायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "नापास."

"उद्या बघतो," असं म्हणून भावोजी भांडी घासायला जात. नापास होऊन इतका समाधानी चेहरा मी शाळेत फक्त एका मुलाचा पाहिला होता. पास झाला तर त्याला मामाकडे शिकायला पाठवायचं घरी ठरलं होतं, आणि त्याला आई सोडवत नव्हती.

एकदा भावोजी दुकानात गेलेले असताना ताईने मला जवळ बोलावलं.

"छोट्या, माझा जीव यांच्या ताटात अडकलाय रे. डोळा लागत नाही. डोळे मिटले की हे एकटे करपलेला भात खरवडताना दिसतात. तुझ्याकडून एक वेळचा डबा देशील यांना?"

"देईन की."

"बायकोला विचार आधी."

"विचारतो."

"म्हणजे नाही," ताई म्हणाली आणि कुशीवर वळली.

मला ते लागलं. डब्याचं ठरवूनच टाकू म्हणून मी तडक भावोजींच्या दुकानात गेलो. दुपारची वेळ होती. मागच्या फळीवर, स्प्रिंगा आणि वजनांच्या गर्दीत, एक शेगडी पेटली होती आणि तिच्यावरच्या पातेल्यातून असा वास येत होता की मी कशासाठी आलो तेच विसरलो. ताटली एकच होती, म्हणून भावोजींनी मला काट्याच्या धुतलेल्या पितळी पारड्यात वाढलं. डाळ. तिच्यात फ्लॉवरचा दांडा, लोण्यासारखा मऊ. मी दोनदा मागून घेतली.

"भावोजी, हे कुणी केलं?"

"इथे दुसरं कोण आहे?"

"मग घरी काय होतं तुम्हाला?"

भावोजींनी एक स्क्रू काढला, पाहिला आणि परत तिथेच बसवला.

"ती काय म्हणाली ते तू ऐकलंस ना? जमेपर्यंत जात नाही म्हणाली. तुझी बहीण शब्दाची पक्की आहे, छोट्या. म्हणून मी ठरवलं, आपल्याला जमतच नाही."

मला आधी हसू आलं. मग मी पारडं खाली ठेवलं.

"ताई झोपत नाही, भावोजी."

"दुखतं तिला."

"दुखण्याने नाही, तुमच्या भाताने. तुम्ही उपाशी मराल या धास्तीने ती जागी असते. आणि तिला एखादा घास बरा गेला असता, तोही तुम्ही रोज करपवताय."

भावोजींनी पातेल्यावर झाकण ठेवलं. पुढचा घास त्यांनी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ताईसमोर ताट आलं. मोकळा भात, दांड्याची डाळ, सालासकट परतलेले बटाटे. ताईने एक घास घेतला. मग दुसरा. तो तिने बराच वेळ चावला.

"कधीपासून येतंय?"

"आजच जमलं बघ."

"अहो, दांडा इतका बारीक चिरायला हात बसावा लागतो. तो एका दिवसात बसत नाही."

भावोजी खाली बघत राहिले. मी छत न्याहाळू लागलो. छताला रंग हवा होता.

"रागावलीस?" भावोजींनी विचारलं.

"करपलेला सगळा टाकून दिलात?"

"नाही गं. मीच खाल्ला."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "पास."

भावोजी घाबरले. "पास कसा? मासे राहिलेत अजून. ताजा कसा ओळखायचा, कुठे सांगितलंस?"

"मासेवालीला विचारा."

"ती फसवेल मला."

"तुम्हाला? काटेवाल्याला?"

"काटा कळतो गं मला. मासा कुठे कळतो?"

ताई हसली. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत भावोजींनी तिची पाठ धरून ठेवली.

"सगळंच मी शिकवलं," ती म्हणाली, "तर नंतर बाजारात कुणाशी बोलाल तुम्ही?"

त्या दुपारी ती गाढ झोपली. आवाज होईल म्हणून भावोजींनी भांडी घासली नाहीत.

त्यानंतर ताई थोडेच दिवस राहिली. रोज दोन घास खायची, पण चवीने. भावोजी रोज दोघांचं रांधत आणि त्यात कधी कमी-जास्त झालं नाही.

ती गेल्यावर घरात पहिल्यांदा चूल पेटवायची वेळ आली, तेव्हा भावोजी डाळीच्या डब्यात हात घालून उभे राहिले. पुष्कळ वेळ उभे राहिले. मग वळून म्हणाले, "छोट्या, एकट्याला किती लागते रे? हे तिने सांगितलंच नाही."

मी घरून पोटभर जेवून निघालो होतो.

"दोघांचीच करा," मी म्हणालो. "मी थांबतोय जेवायला."