उंच उडीचा खड्डा

"गाडी आत नको आणू, धनसिंगभाऊ."

शालीकराम सरांनी बैलगाडी शाळेच्या फाटकातच अडवली. गाडीत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेलं. धानाची मळणी झाली की उंच उडीच्या खड्ड्यात तणस पालकांनीच आणून टाकायचं, ही केशोरीकडची रीत. यंदा पाळी धनसिंगची होती, आणि त्याचीच पोरगी हर्षा सोमवारी तालुक्याच्या स्पर्धेत उडी मारणार होती.

"काऊन सर? पोरगी सरावासाठी थांबून राहिली न."

"हेडमास्तरनं खड्डा बंद केला."

गेल्या वर्षी याच खड्ड्यात ओमेश नावाच्या पोराचा हात मोडला. त्याच्या काकानं वकील गाठला आणि नोटिशीत नाव आलं ते खेळाच्या मास्तरचं, शालीकराम सरांचं. शाळा नामानिराळी! तेव्हापासून सर अर्जुनीच्या कोर्टात तारखांना बाकावर बसून येतात आणि मैदानाच्या तासाला पोरांना वर्गात बसवतात. जन्मभर 'पळा रे' म्हणून ओरडलेला माणूस. आता 'बसा रे' म्हणतो. जीव विटला होता त्यांचा.

"मी लिहून देतो. काही झालं त तुमाले बोल नाही लावत."

"ओमेशचा बापही हेच बोलला होता. नोटीस काकानं धाडली. आता नाही जमत, भाऊ. थकलो मी."

हर्षा गाडीमागून चालत घरी गेली.

संध्याकाळी सर सायकलनं धनसिंगच्या घरावरून निघाले. आवारात दोन बांबूंना दोर बांधला होता. खाली तणस पातळच पसरलेलं. हर्षा धावत आली, उडाली आणि मानेवर पडली. उठली, मान चोळली, पुन्हा मागे गेली.

सरांनी सायकल थांबवली. शाळेत कोणाला लागू नये म्हणून खड्डा बंद, आणि इथं पोरगी मान मोडून घ्यायला मोकळी.

"सर, पाहा बरं, बराबर होऊन राहिलं का?" धनसिंगनं विचारलं.

"मी काही पाह्यलं नाही. मी इकडं आलोच नाही, समजलं?"

सायकल कुंपणाला टेकवून ते आत आले. हर्षाची मान पडत होती तिथं उकिडवे बसून दोन्ही हातांनी तणस ओढू लागले. ढीग चांगला उंच झाल्यावर उठले आणि दोराकडे पाठ करून उभे राहिले. उद्या कोर्टात विचारलं, तर पाहिलं नाही असं सांगता यायला हवं.

"हं, कूद," ते म्हणाले.

मागे पावलं धावली. तणस खसकन दबलं.

सर वळले नाहीत.

"लागलं का गं?" एवढंच विचारलं.